एटीकेटी लागली म्हणजे शिष्यवृत्ती गेली, असं पोरांना सांगतंय कोण?

विशेष विश्लेषण

केज तालुक्यातल्या एका गावातली ही गोष्ट. मुलगी बी. फार्मसीला, अनुसूचित जातीतली, घरात कॉलेजला गेलेली पहिलीच. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा दोन विषय राहिले. कॉलेजच्या नियमात बसत होती म्हणून दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, म्हणजे आपल्या भाषेत एटीकेटी लागली. पण वसतिगृहातल्या एका सीनियर मुलीने सांगितलं, "नापास झालीस ना, मग स्कॉलरशिप बंद." नेट कॅफेवाल्यालाही तसंच वाटलं. मुलीने त्या वर्षी महाडीबीटीवर रिन्यूअलचा अर्ज भरलाच नाही. मार्चमध्ये कॉलेजने फी मागितली, तीही पूर्ण. बाप तेव्हा कारखान्यावर, उसाच्या फडात. त्याने मुकादमाला फोन लावला आणि पुढच्या हंगामाची उचल आधीच घेतली.

यंदा तो माणूस मुलीला घेऊन कॉलेजच्या खिडकीवर आला होता. कारकुनाने मागची कागदं चाळली आणि विचारलं, "मामा, गेल्या साली फॉर्म का नाही भरला? पोरगी तर पात्र होती की." बाप म्हणाला, "साहेब, नापास पोरीला कोण पैसे देतंय?"

प्रश्न साधा आहे. पण जिल्ह्यात दरवर्षी किती घरांत तो चुकीचा सोडवला जातो, याचा हिशोब कुठल्याही कार्यालयात सापडणार नाही. अर्ज नाकारला तर त्याची नोंद होते. जो अर्ज भरलाच गेला नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

नियम काय सांगतो

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एकदा मिळाली की अभ्यासक्रम संपेपर्यंत चालू राहते, फक्त तिचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी मुख्य अट आहे ती पुढच्या वर्गात जाण्याची. किती टक्के पडले हे इथे कुणी विचारत नाही. आणि केंद्राच्या नियमावलीत एक कलम वर्षानुवर्षं आहे, जे आमच्या मते प्रत्येक कॉलेजच्या दारावर रंगवून लावायला हवं: विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याला खालच्या वर्गाचे काही विषय राहूनही वरच्या वर्गात बसवलं असेल, तर ज्या वर्गात बसवलं त्या वर्गाची शिष्यवृत्ती त्याला मिळते. बाकीच्या अटी अर्थात पूर्ण हव्यात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, हजेरी, वगैरे.

म्हणजे एटीकेटी आणि नापास हे शिष्यवृत्तीच्या पुस्तकात दोन वेगळे शब्द आहेत. गावात मात्र एकच. घरी निकाल सांगताना पोरगं खाली मान घालून "राहिलो" म्हणतं आणि आईबाप समजायचं ते समजतात. पुढे तोच शब्द नेट कॅफेत जातो, तिथून अर्जात, नाहीतर अर्ज न भरण्यात.

किती विषय राहिले तर एटीकेटी आणि किती राहिले तर वर्ष गेलं, हे मात्र शिष्यवृत्ती ठरवत नाही. ते विद्यापीठ आणि त्या-त्या शाखेचा नियम ठरवतो. इंजिनिअरिंगचा वेगळा, फार्मसीचा वेगळा, बी.ए.-बी.एस्सी.चा वेगळा. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने सगळं क्रेडिटच्या हिशोबात गेलं. पोरं विषय मोजतात आणि कॉलेज क्रेडिट मोजतं. म्हणून शेजारच्या पोराचं ऐकून काही ठरवू नये. आपल्याच कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारावं, "मला पुढच्या वर्षाला प्रवेश आहे का?" उत्तर हो असेल तर फॉर्म भरायचा.

वर्ष गेलं तर

ज्याला पोरं 'इयर डाऊन' म्हणतात, तिथे गोष्ट बदलते. पुढच्या वर्गात जाईपर्यंत शिष्यवृत्ती थांबते. त्याच वर्गात पुन्हा बसायचं तर खर्च घरचा. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांच्या शिष्यवृत्तीतही मर्म तेच आहे, पुढच्या वर्गात गेल्याशिवाय पुढचा लाभ नाही. आपल्या जिल्ह्यात या प्रवर्गातले विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

मात्र 'थांबते' याचा अर्थ 'संपते' असा नाही. राहिलेले विषय काढून मुलगा पुढच्या वर्गात गेला की तो पुन्हा अर्ज करू शकतो. आम्ही चार-पाच कॉलेजांत फिरलो तर वर्ष गेलेली पोरं परत अर्ज भरायला येतच नाहीत, असं कारकून मंडळी सांगतात. "एकदा नाव कटलं म्हणजे कटलं," अशी समजूत. रेशनकार्डाचा अनुभव घेतलेल्या घरांना असं वाटावं यात नवल नाही.

याहून महागात पडते ती दुसरी चूक, वर्षाच्या मधेच कॉलेज सोडण्याची. नापास झालेल्याने त्या वर्षी शिक्षण घेतलेलं असतं. मधेच सोडणाऱ्याकडून मात्र दिलेली शिष्यवृत्ती परत मागण्याचा अधिकार नियमावलीने राज्य सरकारला दिलेला आहे. तसंच विभागाला न विचारता कॉलेज किंवा कोर्स बदलला तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. बारावीनंतर घाईत एका ठिकाणी प्रवेश घ्यायचा, दिवाळीत मन बदलायचं, जानेवारीत दुसरीकडे जायचं, हा प्रकार अलीकडे वाढलेला दिसतो. त्यात ॲडमिशन मिळवून देणाऱ्या एजंटांचा हात असतो, आणि ते शिष्यवृत्तीचं काय होईल हे कधीच सांगत नाहीत. त्यांचं कमिशन तेवढं ठरलेलं.

तीन योजना, तीन मापं

गोंधळाचं दुसरं कारण म्हणजे प्रत्येक योजनेची पट्टी वेगळी. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या तीन मित्रांना तीन वेगळे नियम लागू असतात आणि तिघं एकमेकांना सल्ला देत असतात.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घ्या. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलांना शिक्षण शुल्काचा निम्मा भार त्यातून मिळतो. इथे मागच्या सत्राची हजेरी किमान ५० टक्के लागते, प्रत्येक सत्राच्या परीक्षेला बसावं लागतं आणि अभ्यासक्रमाच्या काळात दोन वर्षांपेक्षा जास्त खंड चालत नाही. परीक्षेला बसावं लागतं, हे पुन्हा वाचा. "तयारी नाही, पुढच्या वेळी देऊ" म्हणून पेपर सोडून देणाऱ्यांनी तर दोनदा वाचा. व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आली. ती नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना आहे तशीच आधीपासून शिकणाऱ्यांनाही आहे, पण त्यांनी अर्जाचं नूतनीकरण केलेलं असलं पाहिजे. "मुलींना सगळं मोफत झालं" एवढंच गावात पोचलं. अर्ज दरवर्षी भरायचा असतो, हे शेपूट वाटेत गळून पडलं.

आता तिसरा मित्र. बारावीला बोर्डात वरच्या २० टक्क्यांत आला, घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, म्हणून केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळाली. पदवीची पहिली तीन वर्षं, वर्षाला १२ हजार. तिच्या नूतनीकरणाला वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. हा मुलगा ४८ टक्क्यांनी सगळे विषय सुटून पास झाला, तरी शिष्यवृत्ती जाते. आणि शेजारी बसलेली ती केजची मुलगी दोन विषय राहूनही पात्र राहते. ऐकायला उलटं वाटतं, पण दोन्ही बरोबर आहे. पहिली योजना हुशारीचं बक्षीस आहे, दुसरी पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणापासून लांब ठेवलेल्यांना टिकवून धरण्यासाठी आहे. बक्षिसाला गुणांची अट शोभते. टिकवून धरण्याच्या योजनेला ती लावली असती तर योजनेचा अर्थच गेला असता.

काही जण म्हणतात की सरकारचा पैसा घेता तर मार्क आणून दाखवा. चावडीवर हे वाक्य टाळ्या घेतं. पण ज्या मुलीने दहावीपर्यंत मराठीतून शिकून बी. फार्मसीच्या पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तक हातात घेतलं, तिचे दोन विषय राहणं हा आळस नसतो. आमचं मत विचाराल तर पहिल्या वर्षाच्या निकालावर कुणाचीही मदत तोडू नये. दुसऱ्या वर्षापासून मोजा.

हजेरी आणि कोयता

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीलाही ७५ टक्के हजेरीची अट आहे. सत्रात शिकवण्याचे ९० दिवस धरले तर गैरहजेरीला जागा उरते २२ दिवसांची. पुण्यातल्या मुलाला हा नियम कडक वाटणार नाही. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या पट्ट्यात मात्र तो वेगळा दिसतो. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या पुढंमागं परततात. दुसरं सत्र जवळपास सगळं या काळात येतं. पोरगा फडात गेला नाही तरी म्हातारी, दोन जनावरं आणि शाळेतली धाकटी भावंडं त्याच्या गळ्यात असतात. मुलगी असेल तर तीनदा.

मग आजवर ही मुलं शिष्यवृत्ती कशी टिकवत आली? खरं सांगायचं तर कॉलेजांनी डोळे झाकले म्हणून. अर्जात हजेरीचा आकडा भरला जातो, कॉलेज तो पडताळून पुढे पाठवतं आणि बहुतेकांची हजेरी ७५ च्या वर भरते. याला कुणी भ्रष्टाचार म्हणेल. काही ठिकाणी तो आहेही. वर्गात कधी न दिसलेल्या नावांवर पैसे उचलल्याच्या तक्रारी काही नव्या नाहीत. पण बऱ्याच ठिकाणी तो प्राध्यापकांनी आपल्या जबाबदारीवर दाखवलेला समजूतदारपणा होता. आता केंद्राचा आग्रह आधारवर आधारित यंत्राच्या हजेरीचा आहे. यंत्राला ऊसतोड कळत नाही. बोगस नावं त्यातून जातील हे चांगलंच, पण त्यांच्याबरोबर खरी मुलंही जातील. हंगामी स्थलांतराच्या तालुक्यांसाठी दुसऱ्या सत्रात हजेरीची वेगळी मोजणी, किंवा उन्हाळ्यात भरून काढायचे वर्ग, यातलं काहीतरी ठरवल्याशिवाय यंत्र बसवलं तर फटका कुणाला बसेल ते सांगायला नको. लोकप्रतिनिधी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहांवर बोलतात, बोलायलाच हवं. हजेरीच्या या अटीवर मात्र सभागृहात किंवा जाहीर सभेत कुणी बोललेलं आमच्या कानावर नाही.

पैसा येतो कुठून, अडतो कुठे

२०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनंतर अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के झाला, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येऊ लागला. व्यावसायिक पदवीच्या वसतिगृहातल्या मुलाला वर्षाचा भत्ता १३,५०० रुपये, घरून ये-जा करणाऱ्याला ७,०००. साध्या बी.ए.-बी.कॉम.ला हेच आकडे ६,००० आणि ३,०००. फीची रक्कम त्याशिवाय. ही फी विद्यार्थ्याने आपल्या खात्यातून काढून कॉलेजला भरायची असते.

कागदावर हे उत्तम आहे, मधल्या हातांना वाव नाही. पण घरात पैसा येतो तेव्हा घरात अडचणही असते. आईचं ऑपरेशन, बियाणं, सावकाराचा तगादा. फीचे पैसे त्यात जातात. कॉलेजला वाटतं पोराने पैसे खाल्ले. दुसऱ्या बाजूला पैसा मार्चपर्यंत आलेलाच नसतो आणि कॉलेज तरी फी मागतं. दोन्हीकडे शेवट एकच, हॉल तिकीट अडवलं जातं. हॉल तिकीट नाही म्हणून पेपर बुडाला, पेपर बुडाला म्हणून वर्ष गेलं, वर्ष गेलं म्हणून शिष्यवृत्ती थांबली. शिष्यवृत्तीला उशीर झाला म्हणून शिष्यवृत्तीच जाते, असा हा गोल फेरा आहे. नियमात 'प्रगती' मोजताना पेपर का बुडाला हे कोणी पाहत नाही.

एक अपवाद आहे, तोही फार थोड्यांना माहीत. आजारपणामुळे किंवा अचानक आलेल्या दुसऱ्या संकटामुळे विद्यार्थी वार्षिक परीक्षेला बसू शकला नाही, तर वैद्यकीय प्रमाणपत्र किंवा पुरेसा पुरावा देऊन पुढच्या वर्षी नूतनीकरण मिळू शकतं. अट अशी की परीक्षा दिली असती तर तो पास झाला असता, असं प्राचार्यांनी लिहून द्यायला हवं. बाळंतपण, अपघात, घरात मृत्यू, असं कितीतरी पोरांच्या वाट्याला येतं. प्राचार्यांच्या सहीचा हा कागद मागायला किती जण जातात, हे कोणत्याही कॉलेजात विचारून पाहा.

तिकडे काय करतात

अमेरिकेचं उदाहरण आपल्याकडे उगाच देतात, पण इथे ते कामाचं आहे. तिथे सरकारी शैक्षणिक मदत टिकवायची तर समाधानकारक प्रगती दाखवावी लागते आणि ते माप आपल्यापेक्षा सैल अजिबात नाही. दोन वर्षांच्या शेवटी साधारण 'सी' श्रेणी हवी, अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीच्या दीडपटीत उरकायला हवा, म्हणजे चार वर्षांची पदवी सहा वर्षांत. फरक पुढे आहे. जिथे दर सत्राला प्रगती तपासतात, तिथे कॉलेज आधी इशारा देऊन एक सत्र मदत चालू ठेवू शकतं. त्यानंतर आजारपण, नातलगाचा मृत्यू अशी कारणं दाखवून अपील करता येतं. अपील मान्य झालं तर परिवीक्षेवर मदत चालू राहते, गरज पडली तर विषय कसे काढायचे याची योजनाही आखून देतात.

आपल्याकडे मापं आहेत, इशारा नाही. मुलाला कळतं ते फॉर्म 'रिजेक्ट' झाल्यावर, किंवा केजच्या त्या मुलीसारखं वर्ष निघून गेल्यावर. दाद मागायची तर समाजकल्याणचं सहायक आयुक्त कार्यालय जिल्ह्याच्या गावाला. आष्टीच्या टोकाच्या गावातून बीडला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, रोजगार बुडतो आणि साहेब मीटिंगला असतात.

यात पैसा लागणारं फारसं काही नाही. निकाल लागल्या आठवड्यात कॉलेजने एक यादी लावायची: या मुलांना पुढच्या वर्षाला प्रवेश आहे, यांनी रिन्यूअल भरावं. आणि ज्यांनी गेल्या वर्षी अर्ज केला होता पण यंदा केला नाही, त्यांची नावं काढायची. कॉलेजच्या लॉगिनला गेल्या वर्षीचे अर्ज असतात, हजेरीपट समोर असतो. एका कारकुनाचं दोन दिवसांचं काम. तो कारकून बऱ्याच कॉलेजात एकटाच आहे आणि त्याच्याकडे प्रवेश, परीक्षा, निवडणुकीची ड्युटी असं सगळं आहे, हेही खरं. तरी राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं वर्षभर झाडं लावतात, त्यांना दोन दिवस या कामाला बसवलं तर काय बिघडतं?

विद्यापीठांनाही यात सुटका नाही. निकाल उशिरा, पुनर्मूल्यांकनाचा त्याहून उशिरा, आणि गुणपत्रक हाती नाही म्हणून अर्ज अडलेला. निकाल हाती नसताना अर्जाची मुदत संपत आली असेल तर पोरांनी थांबू नये. कॉलेजला लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि फॉर्म भरून टाकावा. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज दुरुस्त करता येतो, न भरलेला नाही. उत्पन्नाचा दाखला आणि बँक खात्याचं आधार जोडलेलं आहे का, हे दोन्ही जुलैतच तपासून ठेवावं. तहसीलची गर्दी दिवाळीच्या तोंडावर वाढते.

केजची ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचे दोन्ही विषय तिने काढले. यंदाचा अर्ज कारकुनाने समोर बसवून भरून घेतला, तो कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे गेला आहे. गेल्या वर्षाचे पैसे मात्र, विभागाने मागच्या वर्षाची खिडकी पुन्हा उघडली तरच. बाप पोचपावतीची झेरॉक्स घडी करून खिशात घालून गेला. टोळी पुढच्या आठवड्यात निघते आहे, आणि गेल्या वर्षीच्या फीपोटी घेतलेली उचल यंदाच्या हंगामात फिटायची आहे.